आचार्य आणि आचारी

शाळेंत पस्तीस वर्षें आम्हीं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. मुलांच्या वह्यांतील ऱ्हस्वदीर्घांचे घोटाळे आणि विभक्तींचे गोंधळ यांवर तांबड्या शाईच्या रेघा ओढतां ओढतां आमची अशी दृढ समजूत होऊन बसली होती कीं, चूक दिसली म्हणजे ती कोणाची हें आम्हांला कोणी सांगावें लागत नाहीं. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं ही समजूत एका यंत्रानें खोटी ठरविली. तींत आमची शोभा झाली खरी. परंतु जें शिकावयास मिळालें तें घरोघरीं उपयोगी पडण्यासारखें आहे, म्हणून ती हकीकत येथें सादर करीत आहों.

आमच्या कै. तीर्थरूपांच्या जन्मास यंदा शंभर वर्षें होतात. ते नित्य रोजकीर्द लिहीत. तींत जमाखर्चाबरोबर घरांतील लग्नमुंजी, आजारपणें, प्रवास, पाऊसपाणी हीं सर्व दोन-दोन ओळींत नमूद आहेत. त्या वह्यांतून निवडक मजकुराची एक पुस्तिका करून शताब्दीच्या दिवशीं सर्व भाऊबंदांस द्यावी असें घरांत ठरलें. सुमारें एकशेंऐशीं पृष्ठांचें काम. निम्मीं पृष्ठें आम्हीं संगणकावर लिहावीं, निम्मीं आमच्या पंधरा वर्षांच्या नातवानें, अशी वांटणी झाली.

आमच्या संगणकावर जी ऑपरेटिंग सिस्टिम आहे तिचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. ती मुक्त स्वरूपाची आहे एवढें पुरे. म्हणजे तिची घडण ज्या लेखांत आहे तो लेख कोणालाही वाचतां येतो, बदलतां येतो व दुसऱ्यास देतां येतो. १९८३ सालीं अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि १९९१ सालीं फिनलंडांत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आरंभिलेला लिनक्सचा गाभा, यांच्या संयोगानें अशा अनेक प्रणाली उभ्या राहिल्या. त्यांतील जुनी व मोठी म्हणजे इयान मर्डॉक यांनीं १९९३ सालीं स्थापिलेली डेबियन. तिच्यांत नवी वस्तु प्रथम 'अस्थिर' शाखेंत येते, तेथें कांहीं दिवस निभावली म्हणजे 'परीक्षाधीन' शाखेंत जाते, आणि पुढें केव्हांतरी 'स्थिर' आवृत्तींत बसते. अस्थिर शाखेचें नांव 'सिड'. एका चित्रपटांतील खेळणीं मोडणाऱ्या मुलाचें तें नांव आहे. नांव ठेवणाराच्या विनोदबुद्धीस दाद दिली पाहिजे.

आमच्या प्रणालीचीही अशीच एक कच्ची आवृत्ति असते, आणि आमच्या नातवानें आम्हांला तीच घ्यावयास लाविली. आम्हीं विचारलें, "पक्कें अन्न सोडून कच्चें कां खावें?" तो म्हणाला, "आजोबा, कच्च्या आवृत्तींत मराठी लिहून पाहणारीं माणसें फार थोडीं असतात. आपण पाहिलें नाहीं, तर मराठींतली चूक पक्क्या आवृत्तींत जाते, आणि मग सर्वांनाच भोगावी लागते." मुद्दा बिनतोड होता. फिनलंडांतील मनुष्य कितीही बुद्धिमान् असला तरी 'आचार्य' आणि 'आचारी' यांतील भेद त्याच्या डोळ्यांना कसा दिसावा?

आणि नेमका तोच भेद एके दिवशीं नाहींसा झाला. पुस्तिकेचीं कच्चीं मुद्रितें तपासतांना आत्याबाईंच्या लग्नाच्या खर्चांत आम्हीं वाचलें: 'आचार्यांना बारा रुपये.' तीर्थरूपांनीं लिहिलें होतें 'आचाऱ्यांना'. बारा रुपये स्वयंपाक्यांचे होते, ते गुरुजींच्या पदरांत पडले! पुढें घाटांतील प्रवासाचें वर्णन. तेथें दोन्ही बाजूंच्या खोल 'दऱ्या' जाऊन त्या जागीं 'दर्या' उसळत होता. पानामागून पान हाच प्रकार. विशेष हें कीं, चुका फक्त आम्हीं लिहिलेल्या पृष्ठांत होत्या. नातवाचीं पृष्ठें निर्दोष होतीं.

यावरून आम्हीं निष्कर्ष काढला, आणि तो रात्रीं पंगतींत सर्वांसमक्ष बोलून दाखविला. यानें कांहींतरी शोधून-बदलण्याची क्लृप्ति चालविली आणि आमच्या पृष्ठांची वाट लाविली, असें आम्हीं म्हणालों. "मीं हात लावला नाहीं," एवढेंच तो बोलला. आम्हीं त्यावर शाळेंतील आवाज काढला. सूनबाई वाढतां वाढतां थांबल्या. मुलगा अर्धें ताट टाकून उठला, आणि पुढें तीन दिवस आमच्याशीं "हो आजोबा", "नाहीं आजोबा" यापलीकडे शब्द नाहीं.

इकडे आम्ही दुरुस्तीस बसलों. 'आचार्यांना' खोडून पुनः 'आचाऱ्यांना' लिहिलें. पडद्यावर उमटलें 'आचार्यांना'. पुनः लिहिलें, पुनः तेंच! आतां ज्या कळा आमच्या बोटांनीं दाबल्या त्यांत नातवाचा हात कसा असणार, हा प्रश्न तेव्हांच मनांत यावयास हवा होता. तो आला नाहीं. आम्हीं वैतागून तीन ठिकाणीं तीर्थरूपांचा शब्दच काढून टाकला आणि 'स्वयंपाक्यांना' असें घातलें.

त्या रात्रीं झोंप लागेना. वडिलांच्या लेखांत आपण आपला शब्द घातला ही टोंचणी होती. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ सालीं आरंभिली व १९६६ सालीं पुरी केली. त्या कार्याचे एक प्रमुख संपादक डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर. त्या आवृत्तींत पाठ अडला म्हणून संपादकानें मनचा शब्द घालून मोकळें व्हावयाचें नाहीं. अगोदर प्रती ताडून पाहावयाच्या, आणि जे पाठभेद असतील ते तळटीपेंत नोंदवावयाचे. हेंच आम्हीं मुलांना कौतुकानें सांगत असूं. सकाळीं आम्हीं ते तीन शब्द पूर्ववत् केले, नातवाला हांक मारली आणि म्हटलें, "चूक कोणाची तें राहूं दे. चूक कोठें आहे तें शोधूं."

पुढील रीत त्यानें शिकविली. पहिली परीक्षा: तीच फाईल सूनबाईंच्या संगणकावर उघडली. तेथें सर्व 'आचारी' जागच्या जागीं! म्हणजे लेख शाबूत होता, केवळ दर्शनांत दोष होता. आमचा जीव भांड्यांत पडला. दुसरी: आमच्याच यंत्रावर नव्या नांवाचें कोरें खातें काढून पाहिलें. दोष तेथेंही होता, म्हणून आमच्या खाजगी मांडणीचा तो नव्हे. तिसरी: अक्षरांचा टाईप बदलला. दोष कायम, म्हणून टाईपही निरपराध.

मग नातवाचीं पृष्ठें कां वांचलीं? संगणकांत हा 'ऱ्य' दोन प्रकारें लिहितां येतो. आमच्या कळफलकानें साधा 'र' येतो, त्याचा पाय मोडतो, मग एक अदृश्य जोडचिन्ह पडतें आणि नंतर 'य'. नातू फोनवर लिही. तेथें नुक्ता असलेला निराळा 'ऱ' येतो आणि अदृश्य चिन्हाची गरजच पडत नाहीं. डोळ्यांना दोन्ही सारखेंच. आतां कोणी तें अदृश्य चिन्ह गाळलें तर नातवाचा शब्द तसाच राहतो, आणि आमच्या आचाऱ्याचा मात्र आचार्य होतो.

गाळलें कोणीं? अशा प्रणालीची एक दिनचर्येची वही असते. कोणता घटक केव्हां बदलला तें तींत आपोआप नोंदलें जातें. ती उघडली. एकादशीच्या रात्रीं अकरा वाजून वीस मिनिटांनीं त्रेसष्ट घटक बदलले होते. यंत्रानें इंग्रजींत कांहींतरी विचारलें आणि आम्हीं न वाचतां 'हो' म्हटलें, हें तेव्हां आठवलें. नातू त्या दिवशीं आजोळीं होता, हेंही आठवलें. आम्हीं कांहीं बोललों नाहीं, तोही नाहीं.

त्रेसष्टांपैकीं अक्षरांशीं संबंध असलेले चारच. एकेकाची जुनी आवृत्ति परत बसवून पाहिली. तिसरा घटक मागें नेतांच आचारी परत आले. नवा बसवितांच गेले. पुनः जुना, पुनः आले. तर्कशास्त्रांत ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात, तेंच हें. पुढें त्या घटकाच्या आंत नेमका कोणता फेरफार बाधला हें शोधण्याची प्रोग्रामरांची रीतही मनोरंजक आहे. सगळे फेरफार क्रमानें मांडून मधोमध तपासतात. दोष दिसला तर आधींचा अर्धा भाग घ्यावयाचा, न दिसला तर नंतरचा. असें निम्में-निम्में करीत गेल्यास हजार फेरफारांतूनही सुमारें दहा चाचण्यांत अपराधी हातीं लागतो.

आमच्या घरांतून हें सर्व ऐकत होत्या. 'बग' या शब्दाचा अर्थ आम्हीं पूर्वीं ढेकूण असा सांगितलेला; त्यांनीं विचारलें, "मग सांपडला का ढेकूण?" सांपडला, परंतु मारणें आमचें काम नव्हतें. आमचें काम त्याची वर्दी देण्याचें. अगोदर कोणी तीच तक्रार केली आहे काय तें पाहिलें, केलेली नव्हती. मग चार गोष्टी लिहिल्या: आम्हीं काय केलें, काय व्हावयास हवें होतें, काय झालें, आणि कोणत्या आवृत्तींत. एकशेंऐशीं पृष्ठें न पाठवितां एकच शब्द दोन प्रकारें लिहून पाठविला. डेबियनमध्यें दोषाच्या गांभीर्याच्या सात पायऱ्या आहेत, अत्यंत घातक दोषापासून निव्वळ इच्छेपर्यंत. तीच मोजपट्टी समोर ठेवून आमचा वाद झाला. नातवाला वरची पायरी हवी होती. आम्हीं म्हटलें, लेख नष्ट झालेला नाहीं, सबब 'महत्त्वाचा' एवढेंच म्हणावें. रागाच्या भरांत आरोप वाढवूं नये. हें बोलतांना आमचा आवाज थोडा खालीं आला.

दोन दिवसांनीं कोणा परक्या देशांतील गृहस्थाचें उत्तर आलें. त्यांनीं एकच शंका विचारली, आम्हीं तिचें उत्तर दिलें, आणि नवव्या दिवशीं दुरुस्त घटक आला. तो आम्हीं तपासून ठीक असल्याचें कळविलें. पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें लिहून न्यूनें दाखविलीं, पतंजलीनें त्या दोघांचीही चर्चा केली, आणि त्यायोगें व्याकरण अधिक बळकट झालें, हें आम्हीं जन्मभर शिकविलें. दोष दाखविणें म्हणजे दोष देणें नव्हे, हें मात्र त्यावरून आम्ही स्वतः शिकलों नव्हतों.

त्याच रात्रीं पंगत बसली तेव्हां आम्हीं सर्वांसमक्ष म्हणालों, "त्या दिवशींची चूक आमची होती. याची नव्हती." घरांत क्षणभर कोणाला काय बोलावें कळेना. नातू मान खालीं घालून म्हणाला, "आजोबा, पण यापुढें पुस्तिकेचें काम पक्क्या आवृत्तीवर करूं. कच्ची दुसऱ्या यंत्रावर ठेवूं. आणि रोज एक प्रत निराळी काढून ठेवूं." हें शहाणपण आम्हांला आधींच सुचावयास हवें होतें. ज्या लेखाची दुसरी प्रत नाहीं, तो परीक्षेच्या यंत्रावर ठेवूं नये, हें वाचकांनींही ध्यानांत ठेवावें.

आतां पुस्तिका छापखान्यांत आहे. शेवटचीं मुद्रितें मूळ वह्यांशीं ताडतांना एक मौज झाली. आमच्या मुंजीच्या खर्चांत खुद्द तीर्थरूपांनींच, लाडू वळणाऱ्यांच्या मजुरीपुढें, घाईंत 'आचार्यांना' असें लिहून ठेविलें आहे. नातू पेन्सिल घेऊन दुरुस्त करूं लागला. आम्हीं त्याचा हात धरला. शब्द तसाच ठेविला आहे. खालीं बारीक टाईपांत त्याची एक टीप आहे, आणि ती नातवानें लिहिली आहे.