दीपाबाईंची चोळीबांगडी

तंजावरच्या एअर फोर्स स्टेशनवर माझी पोस्टिंग आली, तेव्हा घरात एक भांडण दोन वर्षं धुमसत होतं. वडील गेले आणि गावच्या साडेतीन एकरांवरून थोरल्या भावाचं आणि माझं बोलणं बंद झालं. विहिरीकडचा तुकडा दादाने स्वतःकडे ठेवला, हे माझं म्हणणं. तू नोकरीवर, आईचं दुखणंखुपणं कोणी काढलं, हे त्याचं. दोन वार्षिक रजा मी गावी न जाता काढल्या.

बायको मात्र दर रविवारी जाऊबाईंना फोन करायची, मी ड्यूटीवर असताना. एकदा लवकर घरी आलो आणि ऐकलं. म्हणालो, "माझ्या भावाचं मी बघीन. तू मध्ये पडू नकोस." ती एवढंच बोलली, "अहो, वहिनी माझ्या कुणीच नाहीत का?"

त्यानंतर आम्ही दोघंही कामापुरतंच बोलू लागलो. भांडण गावाकडं, अबोला क्वार्टरमध्ये.

अशाच एका सुट्टीला मुलांना घेऊन मोठ्या देवळात गेलो. राजराज चोळाचं हे हजार वर्षांचं बृहदीश्वर मंदिर. तिथल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. तमिळ मुलखात दगडावर आपली अक्षरं बघून मुलगा ओरडलाच, "पप्पा, हे मला वाचता येतंय!" मग ते राजे इथं आले कसे, हे त्याला सांगत बसलो.

शहाजीराजांचे धाकटे पुत्र व्यंकोजी तंजावरला राज्य करत होते. 1677 मध्ये दक्षिणेच्या मोहिमेवर आलेल्या शिवाजी महाराजांनी या सावत्र भावाकडे वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा मागितला. कोळ्ळिडम नदीच्या काठी तिरुमळवाडीला दोघे भेटले. बोलणी जमेनात, तेव्हा व्यंकोजी रात्रीतून निघून गेले. पुढे दोन्हीकडच्या फौजा लढल्या आणि व्यंकोजींची हरली.

इथवर सांगून मी थांबलो. बायको म्हणाली, "पुढचं सांगा की. दीपाबाईंचं."

व्यंकोजींच्या राणी दीपाबाई. महाराज त्यांचे थोरले दीर. त्यांनी नवऱ्याची समजूत घातली, तहाला तयार केलं. बखरीत आहे की महाराजांनी बंगळूरकडचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला. म्हणजे ज्या मुलखावरून भाऊ भांडले, त्यातला काही भाग दिराने भावजयीला माहेरच्या मायेने दिला.

हे मी शाळेपासून ऐकलेलं. पण तिथं दगडापुढं उभं राहून पहिल्यांदा वाटलं, की दीपाबाईंनाही कुणी म्हटलं असेल, "तू मध्ये पडू नकोस." माझ्या माणसांशी बायकोचं नातं माझ्यामार्फतच असतं, मी बोललो तर तिनं बोलायचं, असं मी धरून चाललो होतो. ती माझ्या विरुद्ध नव्हती. माझ्या रागात सामील नव्हती, एवढंच.

फौजेतल्या भावांना सांगायला नको, कितीजणांची रजा तलाठी आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर संपते. आपण परत युनिटला येतो. गावाशी असलेला धागा सांभाळते ती घरची बाई, आणि तिलाच आपण गप्प करतो.

त्या रविवारी तिला म्हणालो, "फोन माझ्यासमोर लाव." वहिनींनी उचलला. थोड्या वेळाने पलीकडून दादाचा आवाज आला, "तिकडं ऊन लई असंल नव्हं?"

म्हटलं, "हाय की."

जमिनीचा शब्द दोघांनीही काढला नाही. विहिरीकडचा तुकडा अजून तसाच आहे. मोजणी मे महिन्यात आहे. पण यंदाच्या रजेची चार तिकिटं काढली आहेत. ती बायकोने काढली, मी फक्त तारीख सांगितली.

जय हिंद.