हूल

परवां सायंकाळीं माझ्या धाकट्या मुलीनें मला एका मिनिटांत चार वेळां चकविलें. चारही वेळां मी ज्या बाजूला धांवलों त्या बाजूला ती गेली नाहीं. पांचव्या वेळीं धांवण्याचा नाद सोडून मी कंबरेवर हात ठेवून उभा राहिलों, तेव्हां रस्त्यांतल्या खांबाला वळसा घालावा तशी ती माझ्या शेजारून सावकाश निघून गेली. "बाबा, तुम्ही माझ्या डोळ्यांकडे बघतां," ती म्हणाली. "डोळे खोटें बोलतात. पोटाकडे बघा. पोट जिकडे जाईल तिकडेच मला जावें लागतें."

तीस वर्षें तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकवून ज्याच्या हातीं खडूच्या धुळीपलीकडे फारसें कांहीं लागलें नाहीं, अशा माणसाला हें वाक्य ऐकून चेंडूचा विसर पडला, यांत नवल तें काय?

नागपुरांत बास्केटबॉलचें वेड जुनें आहे. माझ्या लहानपणीं मात्र आम्ही आट्यापाट्या आणि हुतूतू यांवरच वाढलों. हा टोपलीचा खेळ मी लांबूनच पाहिलेला. पण सुट्टीमुळें मुलीच्या मैत्रिणी आपापल्या गांवीं गेल्या, आणि समोर उभें राहून अडवायला तिला कुणी तरी हवें होतें. घरांतलीं माणसें मोजून तिनें मला निवडलें. तिची आई गुडघ्यांचें कारण सांगून सुटली. माझेही गुडघे तसेच आहेत, पण मला तें वेळेवर सुचलें नाहीं.

या खेळाचा इतिहास मीं नंतर वाचून काढला. प्राध्यापकाची ही खोडच असते. हरला कीं तो ग्रंथालयांत जातो. १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नायस्मिथ या शिक्षकानें, हिवाळ्यामुळें घरांत कोंडल्या गेलेल्या द्वाड विद्यार्थ्यांसाठीं, हा खेळ रचला. पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून काढले. त्यांत एक नियम असा कीं, चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें नाहीं. जेथें झेलला तेथूनच फेंकावयाचा. मारामारी टळावी हा त्यांतला हेतु. म्हणजे एकट्यानें समोरच्या गड्याला ओलांडून जावें, अशी सोयच मूळ खेळांत नव्हती! पण कोंडींत सांपडलेल्या खेळाडूंनीं वाट काढली. चेंडू हातांतून खालीं सोडावा आणि पुन्हां आपणच घ्यावा. मग तो 'हातांत घेऊन धांवणें' कसें होईल? या फटींतून टप्पे मारीत पळण्याची कला निघाली, आणि पुढें तिलाच कायद्यानें मान्यता दिली. आज तीच या खेळाची शोभा आहे.

चकविणें म्हणजे वेगानें पळणें, अशी माझी समजूत होती. ती सपशेल चुकीची निघाली. वेग नव्हे, वेगांतला बदल माणसाला मारतो. अडविणारा गुडघे वांकवून, एक पाऊल किंचित् पुढें टाकून उभा असतो. चेंडूवाल्यानें त्या पुढच्या पावलाच्या बाहेरून घुसावें, कारण त्याला वळायचें झालें तर आधीं तें पाऊल मागें घ्यावें लागतें, आणि तेवढ्यांत काम होऊन जातें. पण तो हें जाणून सावध असतो. म्हणून आधीं दुसऱ्या बाजूला खांदा झुकवावयाचा, मान वळवावयाची, एक पाऊल टाकल्यासारखें करावयाचें. त्यानें त्या बाजूच्या पायावर भार दिला कीं तो पाय खिळला. डोळ्यांनीं पाहिलेलें पायांपर्यंत पोंचायला सुमारें पंचमांश सेकंद लागतो. पोंचल्यावर चूक उमगावी, भार परत फिरवावा, यांत आणखी वेळ जातो. तेवढ्यांत चेंडू गुडघ्याच्याही खालून एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलेला असतो. माझ्या बाबतींत हा वेळ सेकंदांत मोजण्याजोगा नाहीं, असें मुलीचें मत आहे.

तिनें मला एक जुनी चित्रफीतही दाखविली. १२ मार्च १९९७ रोजीं फिलाडेल्फियांत ॲलन आयव्हरसन हा पहिल्याच हंगामांतला एकवीस वर्षांचा पोरगा आणि चौतीस वर्षांचा मायकेल जॉर्डन समोरासमोर आले. एक सहा फुटी, दुसरा साडेसहा फुटी. आयव्हरसननें पहिली हूल अगदीं लहान दिली. खरी चाल करण्याकरितां नव्हे, तर जॉर्डन हलतो कीं नाहीं हें पाहण्याकरितां. जॉर्डन हलला. मग दुसरी मोठी हूल दिली, आणि जगांतला सर्वश्रेष्ठ खेळाडु एका बाजूला झुकला असतां पोरगा दुसऱ्या बाजूला जाऊन चेंडू टाकून मोकळा झाला. मुलगी तेथेंच टाळ्या पिटते. मीं मात्र तो तुकडा पुन्हां पुन्हां पाहिला, आणि मला वेगळेंच दिसलें. फसलेला जॉर्डन तोल सांवरून परत वळतो, हात उंच करतो आणि तो चेंडू जवळजवळ अडवितो. शिवाय तो सामना त्याच्याच संघानें १०८ विरुद्ध १०४ असा जिंकला. पण लोकांच्या स्मरणांत राहिला तो चकवाच. वडील माणसांचे विजय कुणी लक्षांत ठेवीत नाहीं.

हूल म्हणजे असत्य काय, हा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे. युधिष्ठिराचा रथ एका अर्धसत्यापायीं चार अंगुळें खालीं आला. मग दर मिनिटाला दहा असत्यें खांद्यांनीं बोलणाऱ्या खेळाडूचें काय व्हावें? माझें उत्तर असें कीं, मैदानाची रेघ ओलांडून आंत येणारानें फसवून घेण्याचा करार आधींच केलेला असतो. आट्यापाट्यांत पाटीवर उभा राहणारा गडी कधीं तक्रार करीत नसे. आणखी एक गोष्ट मला मैदानावरच समजली. जिला नेम नाहीं तिच्या फेंकण्याच्या हुलेला कुणी भुलत नाहीं. खोटें नाणें चालतें तें खरें नाणें चलनांत असतें म्हणूनच. आधीं सरळ जाऊन दाखवावें लागतें.

येथवर युक्तिवाद ठीक चालला होता. पण मला सांगावयाची गोष्ट मैदानावरची नाहीं.

बी. ए. झाल्यावर मुलीनें तत्त्वज्ञान घेऊन एम्. ए. करण्याचें ठरविलें, असें गेले सहा महिने मी समजत होतों. तिच्या टेबलावर माझीं पुस्तकें असत. कांट तर नेहमींच उघडा. मी सुखावलों, दोन-तीन मित्रांपाशीं बोलूनही बसलों. आणि महिन्यापूर्वीं समजलें कीं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेकडे बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमासाठीं तिनें अर्ज केला असून प्रवेशपरीक्षेचें बोलावणेंही आलें आहे. मी तिच्या पुस्तकांकडे पाहत होतों, आणि ती दुसऱ्या बाजूनें निघून गेली होती.

"तूं मला फसविलेंस," मी म्हणालों. आवाज चढलाच.

ती शांतपणें म्हणाली, "दोनदां सरळ सांगितलं होतं, बाबा. पहिल्यांदा तुम्ही हंसलांत. दुसऱ्यांदा पानावरून उठून गेलांत."

तें खरें होतें. हंसल्याचें मला आठवत नव्हतें. पानावरून उठल्याचें आठवत होतें, आणि त्या दिवशीं भरलीं वांगीं होतीं हेंही. बायकोला विचारलें तर तिला सारें ठाऊक होतें. "घरांत तुम्हांला एकट्यालाच माहीत नव्हतं," ती म्हणाली, आणि पुन्हां भाजी निवडूं लागली.

तेव्हांपासून माझा करारवाला सिद्धांत मला पुरेसा वाटत नाहीं. मैदानावर दोघांनाही ठाऊक असतें कीं एक अडविणारा आहे आणि एक जाणारा. आपण अडवीत आहों हें मला घरांत ठाऊकच नव्हतें. मी स्वतःला वाटाड्या समजत होतों. मग मला हूल देण्याचा अधिकार तिला कोठून आला? आणि सरळ वाट दोनदां बंद झाल्यावर तिनें दुसरें करावयाचें तरी काय होतें? वर्गांत हा प्रश्न मुलांपुढें टाकून मी तास संपवला असता. घरांत घंटा होत नाहीं. चार दिवस मी तिच्याशीं बोललों नाहीं. पांचव्या दिवशीं ती चेंडू घेऊन दारांत उभी राहिली आणि म्हणाली, "परीक्षेला खेळून दाखवावं लागतं. अडवायला कुणी नाहीं." मीं जोडे चढविले.

काल तिच्या जाण्यापूर्वींची शेवटची सायंकाळ होती. मनाशीं ठरवून मी खालीं वांकलों आणि तिच्या पोटाकडे पाहत राहिलों. तिनें डोळे वळविले, मी हललों नाहीं. खांदा झुकविला, तरी हललों नाहीं. "शाबास, बाबा!" ती म्हणाली, आणि त्या शाबासकीनें माझें चित्त किंचित् ढळलें असावें. तिचें पोट उजवीकडे गेलें, मीही उजवीकडे गेलों. पण तें अर्धेंच गेलें होतें. माझा पाय पायांत अडकला आणि मी सिमेंटवर बसकण मारली.

तिनें आधीं चेंडू कड्यांत टाकला, आणि मग ती मला उठवायला आली.