ठेंगण्या शिंदीची बाजू

संपादकांनी मागितला होता केरसुणीवरचा लेख. लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो, तेव्हा दिवाळी अंकात तो शोभलाही असता. पण मी वनस्पतिशास्त्राचा माणूस. मला केरसुणीआधी तिचं झाड, शिंदी, दिसतं. त्यात कणकुंबीच्या माळावरून एका तरुण अभ्यासकाने पाठवलेला फोटो डोक्यातून जात नाही. जळक्या गवतात गुडघाभर उंचीचं शिंदीचं बेट, खोडाचा पत्ता नाही, आणि खाली प्रश्न: ‘सर, ही फिनिक्स अकॉलिस ना?’

बहुधा नव्हे. सह्याद्रीच्या गवताळ उतारांवरची ही ठेंगणी शिंदी म्हणजे फिनिक्स लोरेइरोई. ताडीची शिंदी, फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस, दहा-पंधरा मीटर चढते. ही बहुधा माणसाच्या उंचीच्या आसपास थांबते. लोकांना वाटतं, हे थोरलीचं वाढ खुंटलेलं पिल्लू. ऐकून ऐकून मी कंटाळलो. ही पूर्ण वाढलेली, स्वतंत्र जात आहे. नर झाड वेगळं, मादी वेगळं; मादीला लहान फळं धरतात, गर नावापुरताच.

आता वादाचं. अकॉलिसचं फुगीर खोड जमिनीतच राहतं आणि फळांचा घोस जमिनीलगत येतो. लोरेइरोईला जमिनीवर खोड असतं. मादीच्या घोसाचा दांडाही फळं धरल्यावर लांबतो. पण वणवा, चराई आणि कोयता यांनी झाड बुटकंच ठेवलं, की नोंदवहीत त्याची अकॉलिस होते! वनस्पतिशास्त्रज्ञ साशा बॅरो यांनी 1998मध्ये ‘क्यू बुलेटिन’मध्ये फिनिक्स प्रजातीच्या 13 जाती मानल्या आणि जुन्या पुस्तकांतली ह्युमिलिस लोरेइरोईतच घातली. तरी आमच्याकडे फोटोवरून निदान चालूच. घोस पाहिल्याशिवाय मी सही करत नाही, म्हणून काही मंडळी मला हेकट म्हणतात. म्हणोत.

केरसुणीकडे येतो. आपल्याकडे मातंग कारागीर शिंदीची पानं वाळवून, चिरून केरसुणी बांधत आले. निलगिरीत आदिवासी याच ठेंगणीच्या पानांचे झाडू करतात. पानं तोडली म्हणजे झाड मेलं, असं शहरातल्या निसर्गप्रेमींना वाटतं. पाम-कुळातल्या खोडाला वाढीचा कोंब एकच, शेंड्यावर. तो गेला की ते खोड संपलं. पण तो राखून बाहेरची पानं बेताने काढली तर झाड पुन्हा पानं धरतं. वणव्यातही जुन्या देठांच्या वेष्टनामुळे आतला कोंब बहुधा वाचतो.

जेसीबीपुढे मात्र यातलं काही चालत नाही. मलप्रभेच्या उगमाकडचे कणकुंबीचे हे माळ ‘पडीक’ ठरवले, की सपाटीकरण आलं, नाहीतर हिरवाईच्या नावाखाली अकेशियाची लागवड. उघड्या उन्हातल्या या शिंदीला ती सावली मानवत नाही. अशा लागवडीच्या कार्यक्रमांना पाहुणा म्हणून जाणं मी आता सोडलं आहे.