निर्दोष अहवालाची किंमत

२००५ साली माझी नेमणूक ओडिशातील राउरकेला येथे होती. कार्यालयातील वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची देयके अंतिम मंजुरीसाठी माझ्याकडे येत. केंद्र सरकारी आरोग्य योजनेचा दवाखाना तेव्हा तेथे नव्हता. आमचे कर्मचारी १९४४ च्या वैद्यकीय परिचर्या नियमांखाली मोडत.

एके दिवशी आमच्या बडाबाबूंचे, म्हणजे मुख्य लिपिकांचे, देयक समोर आले. चार महिन्यांत तीन होल्टर तपासण्या, तिन्ही कोलकात्यात, आणि तिन्ही अहवाल निर्दोष. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. एकच वस्तू तीनदा विकत घेणे मला खटकले. "पहिला अहवाल निर्दोष असताना पुनरावृत्तीचे औचित्य दिसत नाही," असा शेरा लिहून मी एकाच तपासणीचे पैसे मंजूर केले.

बडाबाबू भेटायला आले. उभ्यानेच, हिंदीत, त्यांनी सांगितले, "सर, छातीत धडधड होते ती पंधरा-वीस दिवसांतून एकदा. यंत्र लावले त्या दिवशी होत नाही. म्हणून डॉक्टरांनी पुन्हा लावायला सांगितले." मी नियमाकडे बोट दाखविले. ते नमस्कार करून गेले. चौथ्यांदा ते कोलकात्याला गेले नाहीत.

होल्टर यंत्राचा जनक नॉर्मन होल्टर हा अमेरिकेतील मोंटाना राज्याचा. १९४० च्या दशकाअखेरीस त्याने बनविलेले पहिले उपकरण सुमारे ३८ किलो वजनाचे होते व ते पाठीवर वाहावे लागे. आज ते खिशात मावते. पण त्यामागची गरज तीच आहे. दवाखान्यातील ईसीजी हृदयाची काही सेकंदांचीच नोंद घेतो. हृदयाची लय मात्र आपल्या सवडीने बिघडते. चोवीस तासांच्या निर्दोष अहवालाचा अर्थ "आजार नाही" असा नसून "त्या दिवशी सापडला नाही" एवढाच असतो. म्हणूनच आता सात किंवा चौदा दिवस छातीवर चिकटविण्याची पट्टी, महिनाभर लावायचे नोंदयंत्र आणि त्वचेखाली बसवून काही वर्षे चालणारे उपकरण, अशा पायऱ्या झाल्या आहेत.

या पायऱ्या चढण्याचा खर्च कोण करतो? महानगरांतील खाजगी केंद्रांत चोवीस तासांच्या तपासणीला साधारण दोन ते चार हजार रुपये पडतात. आठवड्याच्या पट्टीला दहा हजारांच्या आसपास. त्वचेखालील उपकरण लाखाच्या पुढे जाते. पण पावतीवर न येणारा खर्चही मोठा आहे. यंत्र लावण्यासाठी एक दिवस, ते परत करण्यासाठी दुसरा. बडाबाबूंना प्रत्येक वेळी रात्रीची गाडी, कोलकात्यातील मुक्काम, सोबतीला मुलगा आणि रजा, एवढे सारे लागत असे. रोजंदारीवरील माणसाची तर दोन दिवसांची मजुरीच बुडते. मोठ्या सरकारी रुग्णालयांत शुल्क अल्प असते. तेथे किंमत प्रतीक्षायादीच्या रूपाने द्यावी लागते.

पुढल्या वर्षी बडाबाबूंना पक्षाघात झाला. रुग्णालयात दाखल केल्यावर हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, ज्याला डॉक्टर एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, ती मॉनिटरवर आपसूक दिसली. या थरथरीत रक्ताची गुठळी होऊन मेंदूकडे जाऊ शकते. चौथ्या तपासणीत ती सापडली असती व पक्षाघात टळला असता, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. टळला नसता, असेही म्हणू शकत नाही. रुग्णालयाचे देयक माझ्याकडेच आले. मी नाकारलेल्या रकमेच्या ते कित्येक पट होते. रुग्णालय मान्यताप्राप्त होते, दर नियमात होते. मी एकही आक्षेप न घेता सही केली.

त्या दोन सह्यांचा विचार मी अनेक वर्षे करीत आलो आहे. आपली व्यवस्था खाटेचे पैसे देते, शोधाचे देत नाही. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेने गरीब कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचे संरक्षण दिले, ही मोठीच गोष्ट. पण ते रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. खाजगी विम्याच्या सर्वसाधारण पॉलिसीत केवळ निदानासाठी दाखल होणे वगळलेले असते. २०१७ मध्ये सरकारने हृदयातील स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. ते शक्य झाले, कारण स्टेंट ही वस्तू आहे. होल्टर ही सेवा आहे. रुग्ण यंत्र विकत घेत नाही. यंत्राचा वापर, तंत्रज्ञाचे श्रम आणि डॉक्टरांचे वाचन विकत घेतो. त्यावर छापील किंमत कुठे असणार? राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार लोकांच्या खिशातून होणारा खर्च २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उरलेल्या भागात अशा बाह्यरुग्ण तपासण्या व औषधे यांचा वाटा मोठा आहे.

शोध लांबविल्याने फायदा होतो का, हा लेखाधिकाऱ्याचा रास्त प्रश्न आहे. कॅनडातील एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कारण न कळलेला पक्षाघात वा तशी तात्पुरती लक्षणे होऊन गेलेल्या रुग्णांत, आणखी चोवीस तासांच्या नोंदीत ही थरथर ३.२ टक्के जणांत सापडली. तीस दिवसांच्या नोंदीत १६.१ टक्के जणांत. अर्थात प्रत्येक धडधडीला महिनाभराची नोंद नको. कोणाला हवी हे डॉक्टरांनी लेखी कारणासह सांगावे आणि आपण ते मानावे.

दोन वर्षांपूर्वी दिल्लीत मलाही धडधड सुरू झाली. चोवीस तासांचा अहवाल निर्दोष आला. डॉक्टरांनी सात दिवसांची पट्टी लावली आणि पाचव्या रात्री थरथर सापडली. आता मी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतो. पट्टीचे दहा हजार रुपये मी स्वतःच भरले, प्रतिपूर्ती मागितली नाही. तिकडच्या टेबलावर माझ्यासारखाच कोणी बसला असेल, अशी धास्ती वाटली. दहा हजार सोडून देणे मला परवडले. बडाबाबूंना दोन तपासण्यांचे पैसेही परवडले नव्हते.

वाचकांपैकी काहीजण आज तशाच टेबलावर बसत असतील. "पुनरावृत्ती" हा शब्द लिहिण्यापूर्वी डॉक्टरांना एक पत्र पाठवून कारण विचारावे. मला ते तेव्हा सुचले नाही; पत्राला टपालखर्च तर पाच रुपयेच लागला असता.