परमुलखाचा स्टब

आमचे सगळे बिल्ड लिनक्सवर होतात. फक्त विंडोजचा इन्स्टॉलर बांधायला एक विंडोज मशीन वेगळं चालू ठेवावं लागे. ते बंद करता यावं म्हणून मी एनएसआयएसचं डेबियन पॅकेज करायला घेतलं. विनॅम्प बनवणाऱ्या नलसॉफ्टमध्ये जन्मलेलं हे सॉफ्टवेअर विंडोजचे इन्स्टॉलर बांधून देतं. डेबियनमध्ये त्याचं पॅकेज आहेच, पण आम्हाला त्यात आमचा एक पॅच हवा होता.

एनएसआयएसचे मुख्य भाग दोन. एक कंपायलर, तो लिनक्सवर सुखाने चालतो. दुसरा स्टब, म्हणजे विंडोजचा एक छोटासा प्रोग्राम. कंपायलर स्क्रिप्ट वाचतो, फायली दाबून लहान करतो आणि स्टबच्या पाठीवर ही शिदोरी बांधून देतो. एवढं झालं की इन्स्टॉलर तयार. परक्याच्या मशीनवर कुणी डबल-क्लिक केलं की जागा होतो तो स्टब. झेडलिब, बीझिप२, एलझेडएमए अशा प्रत्येक पद्धतीचा स्टब निराळा, कारण शिदोरी सोडायला लागेल तेवढंच सामान त्याने जवळ ठेवायचं. तो इतका लहान राहतो तो यामुळेच.

स्टब विंडोजचा असल्यामुळे लिनक्सवर तो बांधायला मिंगडब्ल्यू हा क्रॉस-कंपायलर लागतो. जवळची वाटही आहे: एस्कॉन्स या बिल्ड करणाऱ्या साधनाला स्टब वगळायला सांगायचं आणि एनएसआयएसच्या विंडोजसाठीच्या तयार झिपमधले उचलून आणायचे. मी आधी तसंच केलं. इन्स्टॉलर उत्तम बांधला जात होता. पण पॅच होता स्टबच्या कोडमध्ये, आणि तो लावून पुन्हा बिल्ड केलं तरी इन्स्टॉलर ढिम्म बदलेना. अर्धा दिवस मी स्वतःच्या पॅचमध्ये चूक शोधत होतो. चूक तिथे नव्हतीच. माझ्या पॅकेजात स्रोत एक होता आणि चालणारा प्रोग्राम दुसराच, कुणीतरी दुसरीकडे बांधलेला. सगळं स्रोतापासूनच बांधलं पाहिजे हा डेबियनचा हट्ट मला तोवर नियमापुरता ठाऊक होता. त्या दुपारी तो पटला.

मग क्रॉस-कंपायलर लावला आणि खरं काम सुरू झालं. एनएसआयएसचा कंपायलर जी मांडणी लिहितो तीच स्टबला वाचायची असते. चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर सी भाषेतला 'लाँग' ८ बाइटांचा, विंडोजवर ४ बाइटांचा. लिहिणाऱ्याने आठ घरं धरली आणि वाचणाऱ्याने चार, तर पुढचं प्रत्येक घर सरकतं. म्हणून दोघांनी मिळून वापरायच्या मांडणीत आकार नेमून दिलेलेच प्रकार हवेत. बाइटांचा क्रम उलटा असलेल्या मशीनवर कंपायलर चालवायचा, तर लिहिताना तो क्रमही विंडोजसारखा करून द्यावा लागतो. हे तपासताना मी हेक्स-डंप कागदावर छापून पेन्सिलने घरं मोजली. या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग तो.

लहान-मोठ्या अक्षरांचा गोंधळ नेहमीचाच. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टांमध्ये फायलींची नावं कशीही लिहिलेली चालतात, लिनक्सवर नाही. तो एका संध्याकाळी निस्तरला.

बांधून झालेले स्टब मात्र लिनक्सच्या लेखी प्रोग्राम नाहीतच, नुसत्या फायली आहेत. इंटेल असो वा आर्म, प्रत्येक मशीनला तेच चालतात. त्यामुळे ते सामायिक पॅकेजात, यूएसआर-शेअरखाली ठेवले जातात. इथे कुणीच त्यांना चालवणार नाही, म्हणून त्यांतली चूक इथे कुणाला दिसणारही नाही. मला त्यांची काळजी जास्त वाटते ती त्याचमुळे.

शेवटी दोन मशीनवर बांधून ताडून पाहिलं, तर स्टब जुळेनात. विंडोजच्या प्रोग्रामच्या शीर्षात बांधणीची वेळ कोरली जाते; लिंकरला ती न घालण्याचा पर्याय दिला. पुन्हा बांधलं. दोन्ही मशीनवरच्या प्रत्येक स्टबची शा-२५६ बेरीज अक्षर न् अक्षर सारखी आली. झिपमधून आणलेल्या स्टबांचा फोल्डर अजून डिस्कवर होता. तो काढून टाकला आणि पॅकेज वर चढवलं.