दप्तर, बस्ता आणि ड्राइव्ह

पाठचिकित्सा शिकवताना पहिला प्रश्न असतो तो हस्तलिखित कुठे आहे हा. कोणत्या मठात, कोणत्या बाडात, कोणाच्या हातचे? अलीकडे हाच प्रश्न मी लातूरच्या माझ्या वर्गात विद्यार्थ्यांना त्यांच्याच लघुप्रबंधाविषयी विचारतो. उत्तर ठरलेले, "सर, ड्राइव्हवर आहे." कोणत्या ड्राइव्हवर? खिशातल्या पेनड्राइव्हवर, घरच्या संगणकाच्या डी ड्राइव्हवर, की गूगल ड्राइव्हवर? पहिला हातात धरता येतो, दुसरा निदान घरात असतो. तिसरा म्हणजे परक्या कंपनीच्या यंत्रांवर मिळालेली जागा.

परक्या शब्दांविषयी माझी तक्रार नाही. साठवणीचे आपले कितीतरी शब्द परकेच आहेत, आणि १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली राहिलेल्या मराठवाड्याला तर फारसी-उर्दू दफ्तराची सवयच होती. दफ्तर फारसीतून आले. त्याचे मूळ कातडे या अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत नेले जाते. आपल्याकडे ते कागदांचा संग्रह झाले, कचेरी झाले आणि शेवटी पोरांच्या पाठीवर बसले. बस्ता म्हणजे बांधलेले. आता आपण त्यात लग्नाचे कपडे बांधतो. पेशवे दफ्तरातील गठ्ठ्यांना रुमाल म्हणतात. ज्यात गुंडाळले त्याचेच नाव साठ्याला मिळाले. पण रुमाल म्हटले की तो कोणत्या तरी फडताळात आहे, एवढे तरी कळत असे.

ड्राइव्ह म्हणजे मुळात तबकडी फिरवणारी यंत्रणा. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून सुमारे पाच मेगाबाइट मावत. पुढे लिबलिबीत फ्लॉपी आली, तेव्हा 'हार्ड' हे विशेषण अर्थपूर्ण झाले. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीने अडवली, म्हणून आजही संगणकाची बाराखडी सी पासून सुरू होते. (भाषाविज्ञानाच्या तासाला जीवाश्माचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.) ग्रामोफोनमुळे रुळलेला आपला 'तबकडी' हा शब्द हार्ड डिस्कला चपखल बसला असता. आज एसएसडीत तबकडी नाही, फिरणारे काहीच नाही, नुसत्या चिप. तरी दुकानात तिलाही हार्ड डिस्कच म्हणतात. पेनड्राइव्हमध्ये तर पेनही नाही आणि ड्राइव्हही नाही. हे चालायचेच. अर्थविस्तार आपण शिकवतोच की!

काळजी निराळी आहे. २००३ साली विद्यार्थी असताना आम्ही काही जणांनी कंधार आणि औसा तालुक्यांतील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. त्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलिखित होऊन १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉप्यांवर गेल्या. फ्लॉप्या विभागाच्या कपाटात आहेत. त्या वाचणारी खाच आता कोणत्याही संगणकाला नाही, आणि त्यातून त्या उघडल्याच, तर तो फॉन्ट शोधणे आले. गाणाऱ्या बायांपैकी बऱ्याच जणी आता नाहीत.

तेव्हापासून लघुप्रबंधात नुसते 'ड्राइव्ह' लिहिलेले मी स्वीकारत नाही. हस्तलिखिताचे वर्णन करतो तसे लिहायचे : साधन कोणते, कोणाकडे, प्रती किती. परवा एका विद्यार्थ्याने लिहून आणले : ध्वनिमुद्रण, मावशीच्या मोबाइलमधील मेमरी कार्ड, एकच प्रत. दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप देऊन त्याला मावशीच्या गावी पाठवले.