मॅडम, तुमच्याकडे बंदूक का नाही?



आमचं पडेगाव छावणीच्या शेजारचं. लष्कराच्या गाड्या मुलांना रोजच्याच, त्यामुळे बंदुकीचं त्यांना फारसं नवल नाही. पण परवा चौथीतल्या एकाने मोबाईलवर अमेरिकेतल्या शाळेतला गोळीबार पाहिला आणि वर्गात उठून विचारलं, "मॅडम, आपल्याकडे कोणी घुसलं तर? तुमच्या हातात तर खडूच असतो. सरकार तुम्हाला बंदूक का देत नाही?"

वर्ग हसला, मीही हसले. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना.

प्रश्न पोरकट नाही हो. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत शिक्षकांना शाळेत शस्त्र बाळगायची मुभा आहे. पण त्याच देशात, टेक्सासमधल्या उवाल्डी गावात, २४ मे २०२२ रोजी १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या गेल्या. तिथे एकूण ३७६ सशस्त्र पोलीस आणि अधिकारी जमले होते, तरी हल्लेखोराला गाठायला ७७ मिनिटं लागली! ज्यांचं कामच ते, त्यांची ही गत. मग डी.एड.ला फलक लेखन शिकलेल्या माझ्यासारखीने काय करावं?

पाकिस्तानात पेशावरच्या शाळेवर डिसेंबर २०१४ मध्ये हल्ला झाला. त्यानंतर त्या प्रांतात शिक्षकांना परवान्याचं शस्त्र शाळेत आणायची परवानगी मिळाली. काही महिन्यांतच, जुलै २०१५ मध्ये, मिंगोरा इथे एक शिक्षक पिस्तूल साफ करत असताना गोळी सुटली आणि एक विद्यार्थी गेला. माझ्या कपाटाची किल्ली मुलंच आणून देतात. सांगा, मी पिस्तूल ठेवू कुठे?

आणि आपल्याकडचा धोका फाटक तोडून येतो का? ऑगस्ट २०२४ मधलं बदलापूर आठवा. चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुली, शाळेचं स्वच्छतागृह आणि आरोपी शाळेतलाच सफाई कर्मचारी. तिथे बंदूक कोणावर रोखणार होतो आपण? मुलींसोबत स्वच्छतागृहापर्यंत जायला एक बाई हवी होती. सखी सावित्री समितीचा शासन निर्णय तर मार्च २०२२ मध्येच आला होता. तुमच्या शाळेतल्या समितीची शेवटची बैठक कधी झाली, तेवढं एकदा बघा. आमची मी बघितली. तारीख इथे लिहायला लाज वाटते.

आता माझीच चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी एक जण दुपारी शाळेत आला. "मी मामा, आजी सिरीयस आहे, पोरीला न्यायचंय." त्या दिवशी दुसऱ्या बाई निवडणुकीच्या कामाला गेलेल्या, दोन्ही वर्ग माझ्याकडे. माणूस नीटनेटका दिसत होता. मी दप्तर भरायला सांगितलं. पण पोरगी दप्तर भरेना. बाकाला धरून बसली, एक शब्द बोलली नाही. तेव्हा कुठे मी तिच्या आईला फोन लावला. आई म्हणाली, "मॅडम, मला भाऊच नाही." मी मागे वळून पाहिलं तर माणूस गायब!

रात्रभर झोप लागली नाही. त्याने काही हत्यार आणलं नव्हतं. मीच पोरगी त्याच्या हाती देणार होते.

तेव्हापासून आमच्याकडे एक वही आहे. मुलाला न्यायला कोण येणार, ती नावं आणि नंबर पालकांनी जूनमध्येच लिहून द्यायचे. वहीत नाव नसेल तर आधी फोन, मग मूल. गेल्या सोमवारी एका मुलाचा खराखुरा काका पंधरा मिनिटं फाटकाशी उभा राहिला. आईचा फोन लागत नव्हता. "शाळा आहे की जेल?" म्हणून माझ्यावर चांगलाच तापला. मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा नंबर फिरवला.